छत्री कारखान्यावरील स्वारी आणि फाटकाचा पिंपळ

श्रीशारदेचे पायीं मस्तक ठेवोन आणि वाचणारांची क्षमा मागोन हें वर्तमान लिहिलें असे. शालिवाहन शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सर, वैशाख वद्य पंचमी, मंदवार, ते दिवशीं सरकारी विद्यापीठाचे व्यवसाय-प्रशासन विभागीं, वरले मजल्यावरील लांब दालनांत, जेथें पंखे सहा पैकीं फिरते दोन, तेथें जो प्रसंग गुजरला तो ऐसा.

त्या राज्याची वहिवाट होती कीं, एम.बी.ए.चे दुसरे वर्षीं प्रत्येक विद्यार्थियानें कारखान्यावर स्वारी करावी, कामगारांस प्रश्न पुसावे, आणि ऐंशी पानांचा प्रकल्प-अहवाल काळे बांधणींत, सोनेरी अक्षरीं, विभागास नजर करावा. कोणाचे मनीं मत्सर नसावा म्हणोन सर्वांस सुधांशु छत्री कारखाना हा एकच मुलुख नेमून दिला होता. परंतु स्वारीस कोणी जात नसे. महाद्वाराबाहेर मौलाचाचा यांचें झेरॉक्सचें दुकान, तेथें एकवीस वर्षांची मूळ पोथी जतन केली होती; तींत फाटकाशीं भव्य पिंपळ वर्णिला होता, आणि कामगार शंभर, पैकीं समाधानी बासष्ट, ऐसा आंकडा पडला होता. मग चाचांनीं म्हणावें, "बेटा, नाव बोल, नंबर बोल, बाकी सगळा मजकूर तयार आहे," आणि कारखान्याचा शिक्काही आपलेच खणांतून काढोन मारावा, आणि विद्यार्थियानें चहा संपण्याआधीं मुलुख जिंकून परतावें.

ते साली अठ्ठावन्न जणांत वैजयंता ढवळशंख म्हणोन एक मुलगी होती. तिचे तीर्थरूप तालुक्याचे कचेरींत शपथनाम्यांवर शिक्के मारोन पेन्शनीस गेले; त्यांची शिकवण कीं, न केल्या गोष्टीचे शपथेखालीं सही करूं नये. अहवालाचे पहिले पानीं तर लिहिलें होतें, 'मी स्वतः जाऊन पाहणी केली.' तेथें तिचें पेन अडलें. इकडे दूधसंघाचें पत्र हातीं आलेलें कीं, यंदा पदवी पदरीं असेल तर आषाढापासून साहाय्यक व्यवस्थापक, नसेल तर जागा दुसरियास. जीव टांगणीस लागला, तरी पेन पुढें सरेना. मग ती दोन एस.टी. बदलून खुद्द कारखान्यावर चालोन गेली.

तेथें फाटकास कुलूप, आंत रानगवत, आणि लिंबाचे सावलींत रखवालदार नागनाथ भालके खाट टाकून बसलेले. ते म्हणाले, "आलीस होय बाई? कारखाना बंद पडून बारा वर्सं झाली. इचारायला आलेली तू पयलीच." मग तिनें प्रश्नावली काढिली आणि अदबीनें पुसलें, "काका, आपण कामावर समाधानी आहात?" भालके बहुत विचार करोन बोलले, "मालक न्हाई, सायेब न्हाई, मीटिंग न्हाई. पूर्ण समाधानी लिव्ह." आणि तिनें लिहिलें: कामगार एक, समाधानी एक, समाधान शेंकडा शंभर, फाटकाशीं लिंब. अहवाल तीन पानांत आटोपला.

तो पाहोन मार्गदर्शक प्रा. गुळवणी कपाळास हात लावते झाले. "अहो ढवळशंख, कारखान्यात जाऊन कोणी अहवाल लिहितं का? एकवीस वर्षांत कारखान्याची तक्रार नाही, विद्यापीठाची नाही, खाज तुम्हालाच? आजच्या आज चाचांकडे जा."

"सर, सही कशावर करू? मी पिंपळ पाहिलाच नाही."

"मग नापास व्हा, आणि लिंबाखाली बसा त्या रखवालदाराच्या शेजारी!" ऐसें बोलोन सरांनीं सही केली, परंतु ती इतकी बारीक कीं, प्रसंगीं नाकारतां यावी.

मग नेमले दिवशीं बाह्य परीक्षक डॉ. विश्राम सोनटक्के यांची स्वारी दाखल जाहली. शाल, श्रीफळ, शिरा, पोहे ऐसा सरंजाम उरकला, आणि तोंडी परीक्षा चालू जाहली. डॉक्टरांचा प्रश्न दरसालचा एकच: "फाटकाशी झाड कोणतं?" आणि सत्तावन्न जण ओळीनें म्हणाले, "पिंपळ, सर." मग वैजयंता उभी राहिली. दूधसंघाचें पत्र पर्समध्यें होतें. तरी ती बोलली, "लिंब."

गुळवणी लगबगीनें म्हणाले, "सर, मुलगी हुशार आहे, फक्त झाडांची ओळख कमी."

डॉक्टरांनीं तीन पानें दोनदां वाचिलीं, चष्मा काढिला, आणि म्हणाले, "गुळवणी, ती पोथी माझी. विद्यार्थी असताना मी खोलीत बसून लिहिली. पिंपळ मनचा, बासष्टही मनचे. पुढे लाज वाटून एकदा जाऊन आलो, तर लिंब. तेव्हापासून दरसाल विचारतो, दरसाल पिंपळ ऐकतो, आणि पहिला दोष माझाच म्हणून सर्वांना पास करतो. आज ते होणार नाही. ढवळशंख पास. बाकीच्यांनी कारखाना पाहून यावं."

पानें तीन म्हणोन गुण काठावरचे पडले. परंतु दूधसंघाचे पत्रांत काठाचा उल्लेख नव्हता.

तात्पर्य, सत्तावन्नांची फौज हुकूम होतांच जिना उतरली आणि थेट मौलाचाचांचे दुकानीं मुक्काम करती झाली. सोमवारीं सत्तावन्न काळ्या वह्या पुनः दाखल जाहल्या. कामगार शंभर, समाधानी बासष्ट, फाटकाशीं भव्य लिंब. आणि गुळवणी सरांनीं त्या ठळक सहीनें मान्य केल्या. वैजयंता आपले अहवालाची प्रत भालके काकांस द्यावी म्हणोन झेरॉक्स काढावयास आली, तेव्हां चाचांनीं तिचीं तीन पानें उलटसुलट पाहिलीं, मूळ पोथी कपाटांत ठेविली, आणि निवाडा दिला, "बेटी, एकवीस वर्षांत एक झाड चुकलं होतं, ते दुरुस्त झालं. बाकी पोथी चांगली आहे."