तिसऱ्या मजल्याखालील स्टुलाची मोहीम

ज्या एका लाकडी स्टुलापायीं चार मजल्यांत आकांत जाहला, त्याची हकीकत ऐकिली तैसी, पदरचें मीठ थोडकेंच घालोन, लिहिली असे.

इमारतीस लिफ्ट नाहीं. चौथ्या मजल्याच्या शिवणवाल्या मावशी, अखंडितशिलाईअलंकृत, गुडघ्यानें जेर. सबब त्यांच्या यजमानांनीं स्वहस्तें स्टूल ठोकोन तिसऱ्या मजल्याखालील वळणावर कायम केलें, आणि मावशींनीं तेथें दम खाऊन मग पुढील चढाई करावी, ऐसा नऊ वर्षांचा शिरस्ता.

ऐशांत उंबरे, बोळ, जिने ऐशा मधल्या जागांवरील फिरतें कलाप्रदर्शन इमारतीवर चालोन आलें. सरदार दाढीवाले संयोजक. यादींत कृती सात, ट्रकांत निघाल्या सहा. मग वळणावर स्टूल दिसतांच हीच आपली सातवी ऐसें समजोन त्यांनीं त्यास दोरीचें कुंपण घातलें आणि पाटी लाविली: 'कृती सातवी: विराम. स्पर्श करू नये.'

मावशी भाजीच्या दोन पिशव्यांनिशीं दाखल जाहल्या. पाटी वाचिली. डोळ्यांस पाणी आलें, तें रागाचें. दोरी ओलांडोन बैठक मारिली आणि फर्मान सुटलें कीं, "माझ्या नवऱ्यानं केलंय हे. मी बसणारच!" प्रेक्षकांस तोही कलेचाच भाग वाटोन टाळ्या पडल्या.

चौथे दिवशीं ट्रक दारीं लागला. यादींत सात, तर सातच न्यावयाच्या, ऐसा संयोजकांचा हुकूम. मावशी सकाळपासोन स्टुलावर ठाण मांडोन. यजमानांनीं चहाची रसद पोंचविली आणि मग सुईदोराही. मावशींनीं बसल्या जागीं हमालांच्या फाटक्या बाह्या शिवोन दिल्या, आणि फौजेंत फितुरी जाहली. स्टुलास हात लावावयास कोणी धजेना.

तेव्हां संयोजक जातीनिशीं वर निघाले. दिवसाची ती अकरावी खेप. वळणावर येतां तोंड पांढरें पडलें, कठडा धरोन उभे राहिले. जी बाई कोणाच्या बापासाठीं उठली नसती, ती उठली. "बसा आधी. भांडण नंतर."

संयोजक बसले. दम खाल्ला. बराच वेळ उठलेच नाहींत. मग दोरी आपल्या हातें सोडिली.

येणेंप्रमाणें तह: स्टूल मावशींस बहाल, दोरी आणि पाटी फौजेस. फत्ते जाहली. पुढील प्रत्येक गांवीं रिकाम्या जागेभोंवतीं ती दोरी लागते आणि पाटीवर संयोजकांच्या हस्ताक्षरांत मजकूर असतो: 'कृती सातवी: विराम. सध्या वापरात आहे.'