कोण म्हणालं?

घारे सर माझ्या स्कूटरवर मागे बसतात, पण ब्रेक त्यांच्या हातात असतो. इंग्रजी पाटीवर भलत्या जागी अवतरणचिन्हं दिसली, की माझा खांदा आवळून गरजतात, “कोण म्हणालं?”

आणि लोणावळ्यात अशा पाट्या दर दहा पावलांवर! “फ्रेश” चिक्की. “प्युअर” व्हेज. सर इंग्रजीचे निवृत्त शिक्षक, माझे शेजारी. त्यांच्या मते ती चिन्हं माणसाच्या तोंडचे शब्द जपायला असतात, पाटी नटवायला नव्हे. “उगाच लावली की चिक्की शिळी वाटते हो!” खिशात रंग पुसायला टर्पेंटाइनची बाटली, चिंधी. स्कूटर सोडली, तर बसणं ठाऊकच नाही. चहासुद्धा येरझाऱ्या घालत पितात.

लोहगडवाडीच्या ठकूमावशींच्या “हॉट” भाकरीची चिन्हं सरांनी तीनदा पुसली. मावशींनी तीनदा रंगवली.

“ऱ्हाऊ द्या की, सर! मिरच्यांवानी दिसत्यात. दिष्ट लागत न्हाई.”

“पण हॉट कोण म्हणालं?”

“मी म्हन्ते! आता?”

सरांनी बाटली खिशात घातली. उभ्यानंच भाकरी खाल्ली. हॉट होती.

गेल्या वर्षी सरांच्या पत्नी, आमच्या काकू, गेल्या. त्या कुरवंड्याला फिरायला जात, तिथे त्यांच्या आठवणीचा बाक बसवायचं मुलानं ठरवलं. पाटीचा मजकूरही पाठवला, अवतरणात: “आय ॲम ऑल्वेज विथ यू.”

“कोण म्हणालं?” सर उसळले. “ती असलं काही बोललीच नाही कधी!”

पाटी कोरणारा रोज फोन करी. “सर, गुरुवारपत्तुर द्या, न्हाईतर नुसतं नाव टाकतो.”

सर माझ्या गॅलरीत गरगर फिरू लागले. “चाळीस वर्षांतलं तिचं एक वाक्य, जसंच्या तसं, आठवू नये मला? ती बोलायची तेव्हा मी चालत असायचो हो!”

मला भोवळ यायची वेळ आली. “सर, बसा की हो जरा!”

ते थबकले. चप्पल न घालताच जिना उतरले.

रविवारी कुरवंड्याला गेलो. बाकावर काकूंचं नाव. खाली, अवतरणचिन्हांत: “सिट डाउन, सर.”

काकूंना येणारं एकमेव इंग्रजी. ताट वाढलं की भिंतीपलीकडून मला रोज ऐकू यायचं, तरी मलाही सुचलं नव्हतं.

मी मुद्दाम गरजलो, “कोण म्हणालं?”

सरांनी चिंधी काढली, पाटीवरची धूळ हलकेच पुसली, आणि बसले.