पाणीपाळीच्या सनदेची हकीकत

श्री. वीज असो, नेटवर्क असो, पासवर्ड स्मरणात असो. शालिवाहन शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, चैत्र शुद्ध द्वितीया, ते दिवशी एका राज्यात, ज्याचे नाव लिहिल्यास आम्हांवरही दावा लागेल सबब लिहीत नाही, सरदार कोठावळे यांनी मथुराबाई केंजळे यांजवर चोरीचा आळ घेतला, आणि चोरी कशाची म्हणाल तर मथुराबाईंनी स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामाची. आम्ही त्या न्यायदरबारचे लेखनिक. दरबारी जे बोलले गेले ते आम्ही लिहिले आणि जे मनात आले ते गिळले. आता गिळलेले येथे लिहितो.

मथुराबाई पाटबंधारे कचेरीत कारकून. त्या राज्यात एक कालवा आणि कालव्यावर सतरा गावे, आणि उन्हाळ्यात आवर्तन, म्हणजे कालव्याचे पाणी, सुटले की तोंडाकडील गावे आधी आपले ऊस भिजवून घेत, मग मधली गावे उरले ते ओढीत, आणि शेपटाला नागझरी म्हणोन गाव, तेथील लोक कोरड्या पाटात उभे राहोन वरचे गावांस शिव्या देत. पाळी कोणाची यावरून दरसाल फावडी निघत, दोन डोकी फुटत, आणि मग पंचनामा होई. हे पाहोन बाईंनी बारा वर्षांमागे सुट्टीचे दिवशी बसोन एक प्रोग्राम लिहिला. जमीन किती, पीक कोणते, मागले खेपेस कोण कोरडा राहिला, इतके पाहोन तो दररोज सकाळी पाळी लावी आणि प्रत्येक गावचे पाटकऱ्याचे मोबाइलवर धाडी, की आज दरवाजा तुझा, उद्या त्याचा. नाव ठेविले पाणीपाळी. दोन उन्हाळ्यांत फावडी परत शेतात गेली. मग बाईंनी तो कोड इंटरनेटवर उघडा मांडिला आणि वर अट लिहिली की कोणीही घ्यावा, वापरावा, सुधारावा, मात्र जे सुधाराल तेही असेच उघडे ठेवावे आणि लिहिणाराचे नाव पुसू नये. यास कोड लिहिणारे मंडळींत ओपन सोर्स म्हणतात. मग दूरदूरचे लोक, ज्यांनी कालवा जन्मात पाहिला नाही, फुकटात कोड सुधारू लागले. त्यांत दंतवैद्य उपळेकर मोठे मातबर. मंडळींची रीत ऐसी की कोडातील एक अक्षर हलवणे जाहले तरी दोघांनी वाचोन संमती द्यावी, त्यावाचोन आत घेऊ नये. रीत चांगली होती, आम्ही वाईट म्हणत नाही.

इकडे सरदार कोठावळे यांची पागा मोठी. चार हजार इंजिनिअर, सर्वांस गळ्यात पट्टा, पट्ट्यास फोटो, आणि कॉफीचे यंत्र मजल्यागणिक एक. सरदारांस वाटले की आपणही पाण्यात उतरावे. तेव्हां पागेतील शहाण्यांनी मसलत करून बाईंचा कोड उचलला, हिरवे बटण होते ते निळे केले, नाव जलसम्राट ठेविले, बाईंचे नाव होते ते पुसले आणि चाळीस तालुक्यांस विकिले. येथवर नेहमीचे. मग सरदारांचे वकील शेषराव मोघे म्हणाले, याची पेटंटची सनद घ्यावी. कोणी म्हणाला, या राज्याचा कायदा ऐसा की नुसत्या सॉफ्टवेअरास सनद मिळत नाही. मोघे हसले आणि अर्जात लिहिले की हे सॉफ्टवेअर नव्हेच, ही 'जलवितरणार्थ क्रमनिर्धारणाची अपूर्व पद्धती व तत्संबंधी उपकरण' होय. पद्धती म्हणजे पाळी लावणे, आणि उपकरण म्हणजे टेबलावरचा संगणक, जो बाजारात कोणासही मिळतो. सनदेचे कचेरीतील साहेबांनी अर्ज वाचिला, एकशे चौदा पाने होती, कोठेही काही समजले नाही, सबब शोध खरोखर अपूर्व असला पाहिजे ऐसा निवाडा करून वीस वर्षांची सनद दिधली. आपापली पाळी धरून पाणी घ्यावे हा शोध सरदारांचे नावे जाहला. आमचे आजेपणजे इतकी वर्षे नदीवर हांडे घेऊन रांगेत उभे राहिले ते सर्व बेकायदा ठरले म्हणावयाचे.

सनद हाती येताच सरदारांनी दरबारी दावा लाविला आणि बाईंस नोटीस धाडली की आमचा शोध आपण विनापरवाना चालवता, तीस दिवसांत जबाब द्यावा, न दिल्यास दरबार प्रोग्राम बंद करील. वैशाखाचे आवर्तन तोंडावर. नागझरीत सगळा भुईमूग, आणि शेंग भरण्याचे दिवस. नागझरीचे पाटकरी बाबाजी खिलारे बाईंचे कचेरीत आले, टोपी काढून बसले आणि म्हणाले, "बाई, ह्यो प्रोग्राम बंद पडला तर वरची गावं आमाला एक थेंब सोडायची न्हाईत. तुमाला ठावं हाय." बाई म्हणाल्या, "बाबाजी, माझंच लिहिलेलं आहे हो. बारा वर्षांचा एकेक बदल तारीखवार जपून ठेवलाय. तेवढं दाखवलं की संपलं." बाबाजी म्हणाले, "मग दावा की लवकर. भुईमूग काय तारीख बघून थांबत न्हाई." बाईंनी चहा सांगितला, तो बाबाजींनी घेतला नाही.

मग बाईंनी जबाब लिहिला, अडीच पाने, सरळ, आणि रीतीप्रमाणे मंडळींपुढे वाचावयास मांडिला. तेथेच घात जाहला. पहिला म्हणाला, बाई, 'माझा प्रोग्राम' ऐसे का लिहिता, प्रोग्राम आपणा सर्वांचा. दुसरा म्हणाला, सर्वांचा लिहिल्यास मालक कोणीच नाही ऐसे मोघे म्हणतील. तिसऱ्याने मालकी या कल्पनेवरच अकरा पाने लिहिली. आणि मग कोणी पुसिले की जबाबातील परिच्छेदाचे आरंभी कोरी जागा सोडावी ती चार घरांची, म्हणजे चार अक्षरे मावतील इतकी, की दोन घरांची. वाचणारांस हे खोटे वाटेल. परंतु कोड लिहिणारी मंडळी जागेवरून पिढ्यान्पिढ्या लढत आली आहेत, आणि त्यांत वडील लेकाशी बोलत नाही ऐसी घरे आहेत. दोनशे सहा लोकांनी मते मांडिली. एक संमती मिळाली, दुसरी उपळेकरांकडे अडली. बाईंनी त्यांस फोन लाविला, ते समयी रोगी खुर्चीवर आ करून होता, तरी उपळेकरांनी घेतला. बाई म्हणाल्या, "डॉक्टर, आज शेवटचा दिवस आहे. संमती द्या." उपळेकर म्हणाले, "देतो हो, पण चार घरांची जागा ठेवा. एकदा दोनची सवय लागली की पुढे सगळंच बिघडतं." बाई म्हणाल्या, "अहो, तिकडे पाणी जातंय आणि तुम्ही मोकळ्या जागा कसल्या मोजताय?" त्याजवर उपळेकर दुखावले, आणि दुखावल्याबद्दल मंडळींपुढे वेगळा मजकूर लिहीत बसले. त्यात कचेरी बंद जाहली आणि जबाबाचा दिवस टळला. बाईंनी न पुसता जबाब द्यावयाचा होता, ऐसे आता सर्वच म्हणतात.

दुसरे दिवशी दरबार भरला. मोघे उठले, कोट सारखा केला आणि म्हणाले की प्रतिवादी बाईंचा जबाब नाही, म्हणजे बोलण्यास जागाच नाही. न्यायासनावरील साहेबांनी आम्हांस पुसिले, "जबाब आला का?" आम्ही म्हणालो, "नाही, साहेब." साहेबांनी एकतर्फी हुकूम केला की पाणीपाळी कालव्यावरोन बंद करावी, इंटरनेटवरील मूळ कोडही उतरवावा, आणि दाव्याचा निकाल लागेतो कोठेही चालू करू नये. सरदारांचे पागेत पेढे वाटिले. बाईंनी हुकूम दोनदा वाचिला, डोळे पुसले आणि त्याच दिवशी कोड उतरविला. वरचे गावांनी दुसरेच दिवशी दरवाजे उघडे टाकिले आणि ऊस गळ्याइतका भिजवू लागले.

आणि त्याच सकाळी सरदारांचा जलसम्राट चाळीस तालुक्यांत एकाच वेळी बंद पडला. पागेत धावाधाव. चार हजार शहाणे पडद्यांकडे पाहत उभे. शोध करिता उघड जाहले की ज्यांनी कोड उचलला त्यांनी तो पुरता उचलण्याचीही तसदी घेतली नव्हती. जलसम्राट दररोज सकाळी गुपचूप बाईंचे दारी जाई, त्या दिवसाचा ताजा कोड घेऊन येई, त्यास निळे बटण लावी आणि आपला म्हणोन चालवी. बाईंनी काल केलेली दुरुस्ती आज सरदारांस फुकट मिळे, सबब घरी न ठेवणे त्यांस आळसाचे नव्हे तर हुशारीचे वाटले. आता दार बंद, आणि बंद करविले कोणी तर सरदारांनीच, सरकारी शिक्का मारून. आमचे सेवेत तीस वर्षे गेली, परंतु आपल्याच घरचे पाणी तोडण्यास इतका चांगला वकील लाविलेला आम्ही पाहिला नव्हता.

मोघे पुन्हा दरबारी आले. म्हणाले, "साहेब, बाईंनी प्रोग्राम तत्काळ चालू करावा, असा हुकूम व्हावा." साहेब म्हणाले, "परवा तर बंद करा म्हणालात." मोघे म्हणाले, "ते कालव्यापुरतं, साहेब. कोड मात्र चालू पाहिजे." साहेब म्हणाले, "तुमचा शोध तुमच्या घरी का चालत नाही?" मोघे म्हणाले, "चालतो, साहेब. फक्त रोज सकाळी एकदा बाईंकडे जाऊन येतो." आम्ही लेखणी दाताखाली धरली, नाहीतर हसू फुटते. साहेबांनी बाईंस पुसिले की तुमचे काय म्हणणे. बाई उठल्या आणि म्हणाल्या, "मला चोर म्हणतात आणि रोज सकाळी माझ्याच घरून घेऊन जातात. असू दे. हुकूम आहे, तो मी मोडणार नाही. ह्यांनी दावा मागं घ्यावा, मी इथंच बटण दाबते. पण लवकर ठरवा, नागझरीला शेंगा वाळतायत." मोघ्यांनी सरदारांस विचारण्यास सहा दिवस मागितले, आणि साहेबांनी दिले. बाई म्हणाल्या, "सहा?" पण तोवर पुढला दावा पुकारला होता.

सहाव्या दिवशी तडजोड आली. सरदार दावा मागे घेणार, परंतु सनद सरदारांचीच राहणार, आणि बाईंनी ती खोटी आहे ऐसे कधी म्हणू नये. मंडळींनी बाईंस फोनवर फोन केले की सही करू नका, लढा, आपण जिंकणार, तत्त्वाचा प्रश्न आहे. उपळेकर तर प्रत्यक्ष आले. बाई म्हणाल्या, "डॉक्टर, तत्त्वाला पाणी लागत नाही. भुईमुगाला लागतं." आणि सही केली. तेथल्या तेथे लॅपटॉप उघडिला, कोड पूर्वीचे जागी ठेविला, आणि आवर्तनाचा पहिला मान नागझरीस दिधला. जलसम्राटही त्याच क्षणी जागा जाहला. सरदारांनी वर्तमानपत्रांत जाहिरात दिली की लोककल्याणार्थ आम्ही आमचा शोध कालव्यास विनामूल्य वापरू देत आहो.

बाई दुसरे दिवशी नागझरीस गेल्या. पाटात पाणी होते. बाबाजींनी एक वेल उपटून त्यांचे हाती दिला, शेंगा पोचट. म्हणाले, "अर्धं शिवार गेलं, बाई. अर्धं वाचंल." बाई म्हणाल्या, "माझ्यामुळं झालं हे, बाबाजी." बाबाजी पुढला दरवाजा उघडण्यास गेले.

येणेप्रमाणे हकीकत. सनद शाबूत, अजून एकोणीस वर्षे चालेल. मंडळींत जागा चार घरांची की दोन, याचा निकाल नाही. दावा दप्तरी गेला ते दिवशी साहेबांनी आम्हांस शेवटली ओळ सांगितली, की वाद आपसांत मिटला, कोणाचेही नुकसान जाहले नाही. आम्ही ती लिहिली. अक्षर आमचेच आहे.