दिनकरपंतांच्या दाढेपायी चौकातील बँकेवर आलेले अरिष्ट

श्री. ज्या देवतेच्या कृपेने लोकांच्या ठेवी जागच्या जागी राहतात, तिचे नाव कोणास ठाऊक नाही, तरी तीस दंडवत. शके एकोणीसशें चार, दुंदुभीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयी राज्यात जे वर्तमान जाहले ते लिहितो.

राज्याची एक थोरली बँक होती आणि बाकी बँका तिच्या आज्ञेत वागत. तेथे दिनकरपंत म्हणून अर्थशास्त्री चाकरीस होते. कोणती बँक डळमळेल आणि कोणती तगेल, याचा शोध आगाऊ करावा, हे त्यांचे काम. सव्वीस वर्षे पंतांनी दरसाल दोनशें पानांचा अहवाल लिहिला, आणि सुतळीची गाठ स्वहस्ते मारून थोरल्या साहेबांकडे रवाना केला, आणि दरसाल वरच्या पुठ्ठ्यावर 'वाचून संतोष पावलो' ऐसा शेरा येई, मग पंत पाहत तों गाठ आपलीच, तशीच. पंत कष्टी होत. परंतु या वयात दुसरी चाकरी कोण देतो?

त्या साली पंतांची दाढ सुजली, आणि दंतवैद्याने सगळेच दात काढून कवळी सांगितली. मग कुटुंब कावेरीबाई बोलिल्या, "अहो, राज्याच्या बँका सांभाळता आणि घरी भाकरी चावता येत नाही. काढा की ते साठवलेले पैसे!" पंतांची ठेव चौकातील बँकेत होती, कारण साऱ्या राज्यात तीच भक्कम, ऐसे त्यांच्याच अहवालात पान एकशें चाळिसावर लिहिले होते. मग पंत गालास रुमाल बांधून गेले आणि सारी रक्कम उचलिली. रोखपालाने पुसिले, "पंत, सगळं ठीक ना?" इतक्यात दाढेत कळ आली, आणि पंतांनी डोळे मिटून नकारार्थी मान हलविली.

दोनशें पाने कोणी वाचिली नाहीत, परंतु ती मान साऱ्या शहराने वाचिली. दोन प्रहरांत चौकापासून पुलापर्यंत रांग लागली. कितीही भक्कम बँक झाली तरी एके दिवशी सर्वांस रोकड देऊ शकत नाही, हे पंत जाणत, म्हणोन धावत आले आणि "बँक भक्कम आहे" ऐसे ओरडले, परंतु सुजल्या तोंडातून शब्द उमटेना, आणि पंत रडतात ऐसे समजून लोक अधिकच घाबरले. रांगेत साळूबाई फुलवाली होती. लेकीस नर्स करावी म्हणोन बारा वर्षे साठविलेली पुंजी तिने येथेच ठेविली होती. ती बोलिली, "पंत, तुमी जाणतं मानूस. माजं काढू का ऱ्हाऊ देऊ? खरं सांगा." पंतांस फार वाईट वाटले. मग त्यांनी काखेतली पिशवी काढिली, आणि खिडकीशी जाऊन सर्वांदेखत सारी रक्कम परत भरिली. ते पाहून साळूबाई बोलिली, "मग मी कशापायी उभी हाय? तिकडं फुलं सुकत्यात माजी." ती गेली, मागोमाग दहा गेले, मग शंभर, आणि दिवेलागणीस चौक मोकळा जाहला.

दुसरे दिवशी थोरल्या साहेबांनी बोलाविले आणि आज्ञा केली, "पंत, यापुढे आपण ठेव उचलू नये. आपण उचलली की लोक घाबरतात."

"आणि दात?"

"अहवाल हातानं लिहितात, पंत."

मग पंत आणखी नऊ वर्षे चाकरीत राहिले आणि कावेरीबाई मऊ भात करीत राहिल्या. त्या सालचा अहवाल लिहावयास बसले, तेव्हा मार्गशीर्षाचे काय लिहावे, हा पेच पडला. रांग लिहावी, तर न जाणो, कोणी वाचील आणि पुन्हा रांग लागेल. म्हणोन लिहिले, "या मासी राज्यात विशेष काही घडले नाही," आणि गाठ मारिली.

सारांश, बँक तगली, साळूबाईची लेक नर्स जाहली, पंत कवळीवाचून राहिले. ते दफ्तर आम्ही पाहिले. गाठ अद्याप तशीच आहे.