एकटी हिरा

"लॅपटॉपला पंखा, अन् आमाला घाम!" भाकरी थापता थापता कोंडाबाई पुटपुटल्या. पण पंख्याचं तोंड त्यांनी फिरवलं नाही. लेकीची, नूतनची, पीएचडी त्या डब्यात शिजत होती.

येडगावातल्या घरच्या कळपाचं रक्त पुण्याच्या प्रयोगशाळेत तपासून झालं होतं. कुठल्या मेंढीच्या अंगात कुठली जनुकं जागी, कुठली झोपलेली, ते आकडे चाळून लॅपटॉप एकमेकांसारखी मेंढरं एकेका गटात घालत होता.

"पन गट किती, ते त्याला कोन सांगतं?" वडिलांनी, भिमाजींनी, विचारलं.

"कुणीच नाही, आबा. तो आधी अंदाज धरतो. पुरावा दिसेल तसा बदलतो."

"सांजचं लांब कायतरी हललं की मला आधी लांडगा वाटतो, कान दिसले की कुत्रं. तसंच का?"

"अगदी तसंच!"

भिमाजी लॅपटॉपपासून हातभर मागे सरकले. देव्हाऱ्यापुढे सरकतात तसे.

दुपारी निकाल आला. जंत झालेल्या मेंढ्यांचा एक गट, न झालेल्यांचा दुसरा. आणि तिसऱ्यात एकटी हिरा!

"आबा, ही तर जंतांना दाद न देणारी नव्याच वाणाची मेंढी असणार! ही हिरा कुठली हो?"

रक्त काढलं तेव्हा नूतन पुण्यात होती. नळ्यांवर नावं भिमाजींनीच घातली होती.

"बेल्ह्याच्या बाजारातली," म्हणत ते घाईनं पाणी प्यायला उठले. तोवर नूतननं सरांना फोन लावला, सरांनी त्यांच्या मोठ्या सरांना, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याहून जीप निघालीसुद्धा.

"सांगा की पोरीला," कोंडाबाई कुजबुजल्या.

"तूच सांग. 'कळपातल्या सगळ्यांचं घ्या' म्हनली व्हती. हिरा तर कळपाच्या म्होरं चालती. तिला कशी वगळायची?"

जीप आली. हिराही आली, नेहमीसारखी सगळ्यांच्या पुढे. शेपूट वर, दाढी हलवत. नूतनचा चेहरा पांढराफटक पडला.

सरांनी चष्मा पुसला. "शेपटीची ठेवण... वैशिष्ट्यपूर्ण आहे."

ड्रायव्हर खोकला. मोठे सर आभाळाकडे बघू लागले. हिरानं सरांच्या हातातला अहवाल कोपऱ्यापासून खायला घेतला.

भिमाजींनी ओसरीवरच्या लॅपटॉपला हात जोडले.

"ह्यानं हिला कदी पाह्यलं न्हाई, हिचं वराडनं ऐकलं न्हाई. कुनी एका शब्दानं सांगितलं न्हाई, अन् नुसत्या आकड्यांवरनं बराबर येगळी काढली! सर... हिरा शेळी हाय."