वांगं निर्दोष शे

हार्ट अटॅकमधून उठून घरी आलेल्या माणसाला लोक "आता कसं वाटतंय?" असं विचारतात. आमचे शेजारी वामननाना विचारतात, "दुखलं तेव्हा पहिलं काय घेतलं?" आणि उत्तर लिहून घ्यायला पिशवीतून वही काढतात.

नाना मूळचे धुळ्याकडचे, जळगावच्या डाळ मिलमधून निवृत्त झालेले. शिक्षण दहावी, तेही दोन दमात. पण हृदयावर आपलं संशोधन चालू आहे असं ते सगळ्या कॉलनीला सांगतात. एकदा तर एसटीनं अमळनेरला जाऊन माझ्या साडूची मुलाखत घेऊन आले. साडू त्यांना ओळखतही नव्हता. प्रश्न तेच: कुठे दुखलं, चालताना की बसल्या बसल्या, घरी किती वेळ काढला, पहिलं काय घेतलं आणि ते कोणी दिलं.

उत्तरं ठरलेली. ओवा, सोडा, लिंबूपाणी. आमच्याकडे छातीत काहीही झालं की खापर वांग्याच्या भरतावर आणि त्यातल्या हिरव्या मिरचीवर फुटतं. "बठ्ठा हेच सांगतस!" सगळ्यांचं तेच ऐकून नाना अहिराणीत चिडतात. "वांगाले कसाले दोष देस रे? वांगं निर्दोष शे!"

मी त्यांची पुष्कळ थट्टा केली. "नाना, वांग्याचं वकीलपत्र घेतलंय का?" मी शाळेत विज्ञान शिकवतो, रक्ताभिसरणाची आकृती डोळे मिटून काढतो. मला डाळ मिलचा माणूस काय सांगणार!

गेल्या हिवाळ्यात मित्राच्या शेतात भरीत पार्टी होती, नानाही आले होते. कपाशीच्या वाळल्या काड्यांवर वांगी भाजत होती. मी रस्त्यापासून आम्ही बसलो होतो त्या झाडापर्यंत पाण्याचा मोठा जार उचलून आणला आणि छाती आवळून आली. डावा हात जड झाला. खाली बसलो तसं जरा कमी झालं.

"मिरची बाधली," मी म्हणालो. सुनंदा, माझी बायको, धावत सोड्याची बाटली घेऊन आली.

नानांनी बाटली तिच्या हातातून काढून घेतली. "भरीत खादं का तू?"

"नाही."

"मंग? वांगं तं आजून इस्तोवर शे!"

सगळ्यांनी एकदम वळून विस्तवाकडे पाहिलं. वांगी तिथेच होती. तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या माणसाला न खाल्लेली मिरची बाधली होती.

मी उठायला लागलो, तर नाना ओरडले, "चालू नको! बस आठे!" मित्राची जीप थेट झाडाखाली आणवली आणि दवाखान्यापर्यंत माझा हात सोडला नाही. डॉक्टर म्हणाले, झटका अजून आलेला नाही, पण मोठी रक्तवाहिनी जवळपास बंद आहे. घरी बसला असतात तर कठीण होतं. स्टेंट बसला. सुनंदा तेव्हा रडली आणि मला भूक लागली.

घरी आल्यावर चालणं सुरू झालं. डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच, रोज थोडं वाढवत, आणि बरोबर नाना. मी भराभर चाललो की शर्ट मागे ओढायचे.

परवा त्यांना बोलवायला गेलो तर ते आत चपला शोधत होते. वही ओट्यावर होती. सगळ्यांचे झटके वाचावेत म्हणून मी ती उघडली.

पहिल्याच पानावर होतं: "शांता. दुखलं: जिना चढताना. पहिलं काय घेतलं: सोडा. कोणी दिला: मी. घरी किती वेळ: सकाळपासून दुपारपर्यंत."

शांताकाकू, नानांची बायको, छातीत दुखूनच गेल्या ते आम्हाला माहीत होतं. सोड्याचं नानांनी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं मी या माणसाला हसत होतो.

शेवटचं पान माझं होतं. "पहिलं काय घेतलं: काही नाही." त्याखाली, रकान्याबाहेर, वेगळ्या शाईत एक ओळ होती:

"शांता, या टाइमले मी सोडा नही दिधा."

नाना चपला घालत बाहेर आले. "चाल रे. आज देवळापर्यंत."

मी वही मिटून ठेवली. रस्त्याला लागल्यावर या खेपेला मीच त्यांचा हात धरला.