चिखलातली अमरनाथ यात्रा

उदगीरच्या संगमेश्वरच्या मते जगात गुप्तहेर तीन प्रकारचे असतात: पगारी, पुस्तकी आणि संगमेश्वर. पहिल्या दोघांना पुरावा लागतो. आपल्याला लागत नाही, असं तो स्वतःच्या टाइल्सच्या दुकानात बसून गिऱ्हाइकांना सांगत असे. आपली नजर घारीची, कान सशाचे आणि नाक मुंगीचं आहे, हेही तो सांगे. बुद्धी कुणाची, ते त्यानं अजून ठरवलेलं नव्हतं.

हे सगळं सर्वांत जास्त वेळा ऐकावं लागे ते त्याच्या दाजींना, म्हणजे निवृत्त शिक्षक गुरुपादप्पांना. त्यांच्या दुःखाला दोन पदर होते. संगमेश्वर त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ होता, आणि चौथीत तो त्यांच्याच वर्गात होता. प्रत्येक लेकरू शिकतंच, फक्त आपापल्या वेळेला शिकतं, यावर गुरुजींची आयुष्यभर श्रद्धा होती. संगमेश्वर आता पन्नाशीला आला होता. गुरुजी अजून वाट बघत होते.

गल्लीतल्या दूधचोरीचा छडा त्यानं असा लावला की, पहाटे पाळत ठेवून थेट दूधवाल्यालाच पकडलं. दूधवाला दूध नेत नव्हता, ठेवत होता, हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा अर्धी गल्ली बिनचहाची बसली होती. संगमेश्वरच्या लेखी ते प्रकरण 'सुटलेलं' होतं. दूधवालाही सुटलाच होता.

अशा माणसाच्या हाती गुरुजींच्या लेकीचं गाणं सापडलं.

अंजू लिंगायत संतांची वचनं आणि ओव्या गायची. बाळ झाल्यापासून दोनदा तिला भर कार्यक्रमातून उठावं लागलं होतं. अमरनाथ दोन वर्षांचा झाला तरी आईचं गाणं ऐकू आलं आणि आई दिसली नाही की असा टाहो फोडी की तबलजीचा ठेका चुके. आता शिरूर अनंतपाळजवळच्या एका रानात संगीत महोत्सव होता, आणि तिला दुपारी चारची वेळ मिळाली होती. जावई नांदेडला नोकरीवर अडकलेले. अंजू सकाळीच आईबरोबर, म्हणजे कमलम्मांबरोबर, पुढे जाणार होती. निघताना तिनं वडिलांना बाजूला घेतलं.

"अप्पा, त्याची झोप झाली की जेवू घालून घेऊन या. मी स्टेजवर जायच्या आधी तो मला दिसला पाहिजे. या खेपेलाही उठावं लागलं, तर मी पुन्हा कुणाला हो म्हणणार नाही."

ती हे रडून म्हणाली असती तर गुरुजींना सोपं गेलं असतं. ती साडीच्या निऱ्या घालत म्हणाली.

"काळजी करू नको," संगमेश्वर, म्हणजे तिचा आणि तिचं ऐकून अमरनाथचाही 'मामा', दारातून म्हणाला. "वाहतुकीची व्यवस्था माझ्याकडं."

व्यवस्था म्हणजे बाबागाडी. त्यानं ती ऑनलाइन मागवली होती. तिला छत होतं, पाणी ठेवायला खाचा होत्या, आणि चित्रातली गोरी बाई ती गाडी गुळगुळीत फरशीवरून ढकलत होती. टाइल्सच्या व्यापाऱ्याला त्या चित्रात खोट दिसली नाही.

रात्रभर पाऊस झाला होता. सोयाबीन निघालेलं काळं रान लोण्यासारखं झालं होतं. ज्या चिखलातून पाय काढायला लातूर जिल्ह्यातल्या दोन पिढ्या झटल्या, त्या चिखलात पाय घालायला शहरातली पोरं तिकीट काढून आली होती. काही जण मुद्दाम त्यात बसून फोटो काढत होते. 'मातीशी नातं' असा फलक कमानीवर होता. त्याचे दोन खांब मातीनं अगोदरच ओढून घ्यायला सुरुवात केली होती.

बाबागाडी चार पावलं गेली. पुढची चाकं मातीनं भरून लाडवाएवढी झाली, मग भाकरीएवढी, मग फिरायची थांबली.

"संगू, लेकराला कडेवर घेतो मी," गुरुजी म्हणाले.

"दाजी, कडेवर घेतलेलं लेकरू उघड्यावर असतंय. गाडीत सुरक्षित असतंय. तुम्ही पुढून उचला."

"आणि तू?"

"मी मागून नजर ठेवतो."

शेवटी दोघांनी गाडी उचलली. आत बसलेला अमरनाथ वरातीतल्या नवरदेवासारखा इकडंतिकडं बघत होता. गुरुजींची एक चप्पल मातीनं ठेवून घेतली, मग परत दिली, मग पुन्हा ठेवून घेतली. संगमेश्वरचे पाय मात्र गुडघ्यापर्यंतच्या, नाडीवाल्या बुटांत होते. तपासासाठी घेतले होते म्हणे.

मंडपाच्या दारात गाडी टेकवली, तेव्हा चार वाजायला अर्धा तास होता. शेजारीच पाण्याचा टँकर होता.

"मी पाय धुऊन येतो," गुरुजी म्हणाले. "जागचा हलू नकोस. एवढं तरी कर."

"मी डोंगर आहे, दाजी."

गुरुजी पाय धुऊन आले तेव्हा डोंगर नव्हता. गाडी नव्हती. अमरनाथही नव्हता.

 गुरुजींनी मंडपाच्या कडेनं नजर टाकली. डोकी, छत्र्या, चिखल. तेवढ्यात भज्याच्या गाड्याकडून डोंगर चालत आला.

"लेकरू कुठं आहे?"

"इथंच की. एक माणूस उन्हाचा चष्मा लावून फिरत होता, दाजी. ऊन नसताना. मी त्याच्या मागावर गेलो." संगमेश्वरनं रिकाम्या जागेकडं पाहिलं. त्याचा चेहरा पडला. पण गुप्तहेराचा चेहरा फार वेळ पडून राहत नाही. "म्हणजे तो आमिष होता. मला इथून हटवायला पाठवलेला."

"तुला हटवायला भजी पुरली असती. अक्काला फोन लाव, तीही शोधू लागेल."

गुरुजींनी स्वतःच फोन लावला. कमलम्मांचा फोन संगमेश्वरच्या खांद्यावरच्या पिशवीत वाजू लागला. चिखलात पडू नये म्हणून सकाळीच त्यानं बहिणीचा फोन 'सुरक्षित ताब्यात' घेतला होता.

"अंजूला लावू का?" संगमेश्वरनं विचारलं.

गुरुजींनी फोन खिशात टाकला. अंजूला कळलं की ती स्टेजवर जाणार नाही. आजही नाही आणि पुढंही नाही. पण लेकरू सापडलं नाही, तर गाणं काय कामाचं? त्यांनी मनाशी ठरवलं: मंडपाभोवती एक चक्कर मारायची. तोवर दिसला नाही, तर थेट माइकवरून पुकारा करायचा. मग गाणं राहिलं तर राहिलं.

संगमेश्वर तोवर उकिडवा बसून चाकांच्या खुणा वाचत होता. "इथवर खुणा हायेत. पुढं काहीच न्हाई. म्हणजे गाडी जमिनीवरून गेलेली नाही." त्यानं सावकाश वर पाहिलं. महोत्सवाचं चित्रण करणारा ड्रोन डोक्यावर भुणभुणत होता.

"संगू."

"शक्यता नोंदवायलो फक्त."

"तो ड्रोन पावशेर भेंडी उचलणार नाही. आणि आपण गाडी उचलून आणली, म्हणून खुणा नाहीत. त्या खुणा पाण्याच्या कॅनच्या ढकलगाडीच्या आहेत. ती बघ, समोर उभी आहे."

संगमेश्वरनं ढकलगाडीकडं असं पाहिलं, जणू तिनं पुराव्यात ढवळाढवळ केली होती.

पुढचा संशय गायिकेवर गेला. अंजूनंतर बिलोलीच्या तनुजाचं गाणं होतं. संगमेश्वरच्या हिशेबानं, अंजू उठली की तनुजाला लवकर बसता येणार, म्हणजे लेकरू तिनंच पळवलं. तनुजा गायकांच्या तंबूबाहेर खुर्चीवर पाय वर घेऊन केळं खात होती.

"साडेतीनला तुम्ही कुठं होता?" त्यानं विचारलं.

"हितंच. केळं खायलते."

"आत्ताही केळंच खाताय."

"मग? दुसरं केळं खाऊ न्हाई का माणसानं?" तिनं त्याला बुटांपासून टोपीपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही कोण? लाइटवाले?"

"मी रहस्यभेदक आहे."

"बरं. मग त्या तिकडल्या मोबाइल टॉयलेटचं दार उघडना झालंय. तेवढं भेदा."

गुरुजींनी तिची माफी मागितली आणि हळू आवाजात विचारलं, छत असलेल्या गाडीत एक लहान लेकरू पाहिलं का. तनुजाचे पाय लगेच खाली आले. "कुणाचं हो? अंजूताईचं? मी इकडल्या अंगाला बघते, गुरुजी, तुम्ही तिकडं जावा." केळं अर्धं टाकून ती निघालीसुद्धा. संशयितानं तपासाला मदत करावी, हे संगमेश्वरला अजिबात पटलं नाही.

तिसरा संशय उमरीच्या ढोलपथकावर होता, कारण त्यांच्याकडं एक मोठी पेटी होती आणि तिला भोकं होती. "श्वास घ्यायला," संगमेश्वर गुरुजींच्या कानात म्हणाला, आणि कुणी काही बोलायच्या आत त्यानं झाकण उघडलं. पेटीत ढोल होता. पेटीला भोकं उंदरानं पाडली होती. पथकाचा म्होरक्या निवृत्ती हा देहानं ढोलाचाच भाऊ शोभेल असा होता. त्यानं फार शांतपणे विचारलं, "पाहुणे, तुम्हाला पेटीत बसायचंय का?"

चक्कर संपली होती. मंडपातून आवाज आला: थोड्याच वेळात अंजू, उदगीर.  गुरुजी स्टेजच्या वाटेला लागले.

"दाजी, थांबा. पुकारा केला तर चोर सावध होईल."

गुरुजींनी मागं वळून पाहिलंही नाही. चाळीस वर्षांत त्यांनी कुठल्याच विद्यार्थ्याची आशा सोडली नव्हती. टँकरपासून स्टेजपर्यंतच्या वाटेवर ती त्यांनी सोडली. पुकारा होणारच असेल तर तो गुप्तहेरानंच करावा, असं संगमेश्वरला वाटलं असावं, कारण तो त्यांना ओलांडून पळतच पुढं गेला.

स्टेजच्या अलीकडं आडवी दोरी बांधलेली होती. पलीकडं सतरंज्या होत्या, समई होती, पूजा झालेली वाद्यं होती. कोरड्या पायांशिवाय कुणाला आत जाता येत नव्हतं. दोरीच्या टोकाला पायताणं सांभाळायला दगडोबा नावाचा म्हातारा बसला होता. गुरुजींनी उरलेली एक चप्पल काढून त्याच्यापुढं धरली.

"एकच?"

"एकच आहे. लवकर घ्या, बाबा."

दगडोबानं चप्पल ठेवायला हात मागं नेला आणि गुरुजींचे डोळे त्या हातामागं गेले. चिखलानं माखलेल्या चपला, सँडल आणि बुटांच्या रांगेत, दोन गमबुटांच्या मधोमध, बाबागाडी उभी होती. तिच्या दांडीला नंबराचा बिल्ला बांधलेला होता.

"ही... ही गाडी इथं कशी?"

"चाकं बघा की. मणभर माती हाय. अशी सतरंजीवर जाऊ देऊ का मी? पायात असो न्हाईतर गाडीखाली असो, चिखलाचं ते सगळं हितं. ती उचलून आणलेल्या बाईलाबी पटलं. ठेवली अन् बिल्ला न घेताच गेल्या घाईत."

"आणि लेकरू? लेकरू कुठं ठेवलं?"

दगडोबानं गुरुजींकडं दयेनं पाहिलं. "अहो, लेकराला कुणी चपलात ठेवतंय का? त्याच्या आजीनं काखेला मारलं अन् गेल्या आत. 'दोघं गडी लेकरू दारात सोडून कुठं उलथले कुणास ठाऊक' म्हणत व्हत्या."

गुरुजी तिथंच चपलांशेजारी खाली बसले.  कमलम्मा वाट बघून दारापर्यंत आल्या होत्या, लेकरू एकटं दिसलं होतं, त्यांनी उचललं होतं. जगातल्या कुठल्याही आजीनं केलं असतं तेच. एवढ्या तपासात 'आजी' हा तर्क कुणालाच सुचला नव्हता, अगदी आजोबांनाही. या शेवटच्या गोष्टीची त्यांना संगमेश्वरच्या साऱ्या अपराधांपेक्षा जास्त लाज वाटली.

आणि मग त्यांना संगमेश्वर आठवला.

तो दोरी ओलांडून गेला होता. गुडघाभर बुटांनिशी तो स्टेजवर चढला आणि सतरंजीवर काळे ठसे उमटवत माइकपाशी पोहोचला. अंजू नुकतीच बैठकीवर येऊन तंबोऱ्याला हात लावत होती. समोर सारं रान शांत झालं होतं.

"कुणीही जागचं हलू नका," संगमेश्वर माइकवर म्हणाला. "या मंडपातून एका बालकाचं अपहरण झालेलं आहे. निळा सदरा, दोन वर्षं, नाव अमरनाथ. चोर माझ्या नजरेच्या टप्प्यात आहे."

अंजूचा हात तंबोऱ्यावरून निघाला. ती गर्रकन मागं वळली. गुरुजींनी चपलांमधूनच 'सापडलं, सापडलं' म्हणत हात हलवले.

तिच्या मागं, तबल्याच्या शेजारी, कमलम्मा मांडी घालून बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर निळ्या सदऱ्यातलं अपहृत बालक पारले बिस्किट चोखत होतं. अमरनाथनं माइकपाशी उभ्या असलेल्या माणसाकडं बघितलं, मग त्याच्या बुटांकडं, मग सतरंजीकडं. घरात कुणी चुकलं की त्याला लगेच कळे. बिस्किटानं चिकट झालेलं बोट बुटांवर रोखून तो म्हणाला,

"मामा, चप्पल काढ."

शेजारच्या तबल्यापुढच्या माइकनं ते सगळ्या रानाला ऐकवलं.

आधी पहिली रांग हसली, मग तंबूंपाशी उभी असलेली माणसं, मग चिखलात बसलेली शहरातली पोरं. तबलजीनं तोंडावर रुमाल धरला. संगमेश्वर वाकून नाड्या सोडू लागला. ओल्या नाड्यांच्या गाठी सुटेनात, तेव्हा दोन स्वयंसेवकांनी त्याला बुटांसकट उचललं आणि दोरीबाहेर आणून दगडोबापुढं ठेवलं. दगडोबानं त्याला गमबुटांच्या शेजारची जागा दाखवली.

"बसा हितं. गाणं झाल्याबिगर कुणाचं पायताण सोडत न्हाई मी."

अंजू हसता हसता वाकली होती. दोन वर्षांत स्टेजवर बसताना तिच्या कपाळावर ठरलेली एक आठी असायची. आता ती नव्हती. तिनं पदरानं डोळे पुसले, पोराकडं एकदा पाहिलं आणि पुढं वळून तंबोरा घेतला. पहिला स्वर लागला तो हसण्याच्या उबेतून लागला. गुरुजींनी डोळे मिटले.

वचन झालं, ओव्या झाल्या. मध्येच अमरनाथनं एकदा "आई" म्हणून हाक मारली, तेव्हा गुरुजींनी दगडोबाचा हात घट्ट धरला. अंजूनं सूर न सोडता नुसती मान मागं वळवली. पोराला तेवढं पुरलं. ते दुसरं बिस्किट मागू लागलं.

"दाजी," संगमेश्वर कुजबुजला, "मी पुकारा केला नसता तर लेकरू सापडलं असतं का?"

"संगू," गुरुजी म्हणाले, "गप बस. माझी लेक गायलीय."

अंजू बैठकीवरून उठली ती शेवटची ओवी संपल्यावरच.